औताचा बैल, पटाचा बैल

अमेरिकेत ‘स्टॉक कार’ या शब्दाचा मूळ अर्थ अगदी साधा होता : दुकानात विकत मिळते तशीच गाडी. 1948 साली ‘नासकार’ ही संस्था स्थापन झाली, त्या सुमारास प्रेक्षकाला आकर्षण होते ते आपल्या दारात उभी असते तसलीच गाडी मैदानात धावते, याचे. पुढे गाड्या खास शर्यतीसाठीच बांधल्या जाऊ लागल्या. नाव तेवढे जुने राहिले. हा इतिहास वाचताना मला आपल्याकडचा शंकरपट आठवत राहिला.

पटाचा जुना प्रेक्षक आधी शेतकरी होता, मग शौकीन. सुगी आटोपली, जत्रा भरली, की कालपरवापर्यंत औताला असलेली जोडी हलक्या गाडीला जुंपली जाई. पाहणाऱ्याला त्या बैलांचे दात, खूर, खोडी आणि धन्याची ऐपत, सारे ठाऊक असे. निकाल आठवडी बाजारातून फिरत. दुसऱ्या गावी पोचेपर्यंत सांगणाऱ्याची भर त्यात पडलेली असे. ही एक मौखिक परंपराच होती. आपण अभ्यासकांनी पोवाड्याची नोंद घेतली, पटाच्या गप्पांची घेतली नाही, याची खंत वाटते.

त्यातही नांदेड-लातूरच्या शौकिनाची गोष्ट थोडी वेगळी आहे. लाल कंधारी हे कंधार भागाचे गोधन, देवणी हे लातूरकडचे. देवणीचे तर वानेरा, बालंक्या, शेवरा असे रंगावरून प्रकार सांगतात. पण या जातींची कीर्ती ओढकामाची (देवणीची दुधाचीही). वेगासाठी नाव घेतले जाते ते माणदेशाकडच्या खिलारचे. ट्रॅक्टर आला, गोठे रिते होत गेले आणि शर्यतीचा बैल हा केवळ शर्यतीसाठी पोसण्याचा बैल झाला. तेव्हा इथल्या प्रेक्षकाचा स्वतःचा बैल मैदानाबाहेर राहिला. तो दुसऱ्याच्या बैलाचा चाहता झाला.

मग बंदी आली. केंद्राने 2011 मध्ये बैलाचा समावेश प्रदर्शनास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत केला आणि 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यती बेकायदा ठरवल्या. पराणी, चाबूक, शेपटी पिरगाळणे हे शौकिनाला माहीत नव्हते, असे म्हणता येणार नाही. त्याने त्याकडे पाहिले नाही, इतकेच. 2017 साली राज्याने कायद्यात दुरुस्ती केली, बैलाला इजा करणाऱ्यास पाच लाखांपर्यंत दंड वा तीन वर्षांपर्यंत कैद ठरवली. तरी उच्च न्यायालयात शर्यती अडल्या. 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली.

या खंडात एक पिढी पट न पाहताच वाढली. तिला शर्यत भेटली ती मोबाइलवर. 1979 ची डेटोना शर्यत पहिल्यांदा सुरुवातीपासून शेवटापर्यंत दूरचित्रवाणीवर थेट दिसली, तेव्हा अमेरिकेत दूरच्या प्रांतांतला चाहता जन्मला; आपल्याकडे ते काम यूट्यूबने केले. आता निलंग्याच्या रानात बसलेला मुलगा सांगली-साताऱ्याकडचे मैदान ड्रोनच्या डोळ्याने पाहतो. नामांकित बैल तो नावानिशी ओळखतो, त्याच्यावर रचलेली गाणी ऐकतो, कोण किती लाखांना विकला गेला ते सांगतो. वानेरा आणि शेवरा यांतला फरक विचारला, की मात्र तो घरातल्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवतो.