यीस्टचा एक श्वास

घरी बिअर करणाऱ्या मंडळींची एक गमतीशीर कवायत असते. माल्टचं गोड पाणी, म्हणजे वॉर्ट, तासभर उकळायचं, गार करायचं आणि यीस्ट घालण्याआधी भांडं चांगलं गदागदा हलवायचं. उकळताना उडून गेलेला ऑक्सिजन परत विरघळावा म्हणून हा खटाटोप. यीस्टनं काम सुरू केलं की मात्र हवा अजिबात लागू द्यायची नाही, नाहीतर बिअर शिळी लागते.

आता तुम्ही म्हणाल, आंबण्याची क्रिया तर हवेशिवाय होते, मग ही हवा कशाला? हा प्रश्न थेट लुई पाश्चरपर्यंत जातो.

१८६१ मध्ये पाश्चरने दाखवलं की हवा मिळाली तर यीस्ट वाढतं जास्त आणि आंबवतं कमी. हवा तोडली की उलट. आंबणं म्हणजे हवेशिवायचं जगणं, हा त्याचा सिद्धांत. पुढे १८७०-७१ च्या युद्धात जर्मनांनी फ्रान्सला हरवलं आणि हा पठ्ठ्या जर्मनांपेक्षा चांगली बिअर करायला निघाला! आपल्या पद्धतीच्या बिअरला त्याला नाव हवं होतं 'राष्ट्रीय सूडाची बिअर'. १८७१ मध्ये लंडनच्या व्हिटब्रेड कारखान्यात त्याने सूक्ष्मदर्शकाखाली यीस्ट पाहिलं, तर त्यात नको ते जंतू. त्या काळी गरम वॉर्ट उथळ, उघड्या हौदांत गार करत. तिथे हवेबरोबर जंतूही पडत. म्हणून पाश्चरचा आग्रह बंद भांड्यांचा.

पण गडी प्रामाणिक. १८७६ च्या बिअरवरच्या पुस्तकात त्याने हेही नोंदवलं की हवेविना फार काळ राहिलेलं यीस्ट म्हातारं होतं आणि थोडा ऑक्सिजन मिळाला की पुन्हा तरतरीत होतं. म्हणजे जंतू नकोत, पण हवा हवी. ती का हवी, याचं रासायनिक उत्तर मात्र त्याच्याकडे नव्हतं.

ते मिळालं १९५३-५४ मध्ये. आंद्रेआसेन आणि स्टिअर या संशोधकांनी दाखवलं की पूर्ण हवाबंद अवस्थेत यीस्ट वाढायचं तर त्याला एर्गोस्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्लं बाहेरून द्यावी लागतात. पेशीच्या आवरणाला लागणारा हा माल यीस्ट स्वतः बनवतं, पण त्यासाठी ऑक्सिजन लागतो. एका पेशीच्या दोन झाल्या की साठा वाटला जातो. चार-पाच पिढ्यांत तो संपत येतो, आवरण कमकुवत होतं, अल्कोहोल सोसवत नाही आणि आंबणं अर्ध्यावर अडकतं.

म्हणजे सुरुवातीचा ऑक्सिजन मुख्यतः श्वसनासाठी नाहीच, तो बांधकामासाठी आहे. नुसतं हलवून लिटरला साधारण ८ मिलिग्रॅम विरघळतो; दाट वॉर्टला जास्त हवा असेल तर सिलिंडरमधला शुद्ध ऑक्सिजन सोडतात.

आमच्या भाषेत सांगायचं तर वर्कअराउंड पाश्चरलाही माहीत होता, रूट कॉज सापडायला मात्र ७७ वर्षं लागली. त्याचा सिद्धांत चुकीचा नव्हता. यीस्ट हवेशिवाय जगतं हे खरंच आहे, फक्त आधी मिळालेल्या हवेच्या शिदोरीवर. आणि ही अडचण त्याच्या स्वतःच्याच नोंदींत होती. सिद्धांताला न शोभणारी नोंद त्याने खोडली नाही, हे मला त्याच्या सिद्धांताइतकंच मोठं वाटतं. रोज लॉग फायली वाचणाऱ्या माणसाला तरी वाटणारच :)