बिल्ल्यावरचं नाव

स्नेहमेळाव्याचे बिल्ले करायचं काम माझ्याकडे आलं. यादी संगणकावर होतीच, छापून काढायचं एवढंच, असं वाटलं. पण पहिल्याच मैत्रिणीपाशी अडले: तिचं नाव कुठलं लिहू?

आपण १९९६ला दहावी झालो, तेव्हा दाखल्यावर ‘जिल्हा धुळे’ होतं. १ जुलै १९९८ला नंदुरबार जिल्हा झाला. गाव तेच राहिलं, पत्ता बदलला. मुलींचं तर नावच बदललं. लग्नानंतर वडिलांच्या जागी नवऱ्याचं नाव, नवं आडनाव. काहींचं पहिलं नावही गेलं. म्हणून मुलगे जुन्या नावाने लगेच सापडले, मुलींना शोधायला तीन महिने लागले. दोघी अजून सापडल्या नाहीत.

१ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत स्वतःच्या नावापुढे आईचं नाव लागतं, मग वडिलांचं. आपल्या हजेरीपटात आईला जागाच नव्हती.

नाव जपायला आपल्याला गावानेच शिकवलं. ९ सप्टेंबर १९४२च्या गोळीबारात गेलेले शिरीषकुमार, लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्याम आपल्या स्मरणात आहेत, ते नावानिशी. ‘पाच मुलं’ एवढंच कुणी सांगितलं असतं, तर ते कधीच विसरले गेले असते.

म्हणून बिल्ल्यावर शाळेतलं नाव ठळक छापलं, आजचं त्याखाली. न सापडलेल्या दोघींचेही बिल्ले केलेत. सर, बाई, हजेरी घ्याल तेव्हा त्यांचीही नावं पुकारा.