हळदीच्या रानातला गांजा आणि १८९४चा अहवाल

आमच्या हिंगोली जिल्ह्यात गांजाची बातमी ठरलेल्या साच्यातली असते. हळदीत नाहीतर तुरीत लपवून लावलेली झाडं, पोलिसांचा छापा, उपटलेल्या झाडांसोबत काढलेला फोटो. फोटोत शेतकरी असतो. ज्याच्यासाठी त्याने ती लावली, तो व्यापारी क्वचितच दिसतो.

गांजा कायदेशीर करून त्यावर सरकारी नियंत्रण आणावं, असं माझं मत आहे. ते बोलून दाखवलं की लोक म्हणतात, हे कॅनडा-जर्मनीचं खूळ आपल्याकडे कशाला? म्हणून जरा मागे जाऊ.

१८९३ साली ब्रिटिश पार्लमेंटात हिंदुस्थानातल्या गांजाचा प्रश्न निघाला आणि सरकारने इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन नेमलं. सात सदस्य, त्यातले तीन भारतीय. तेव्हा हिंगोली निजामाच्या राज्यात होती. पैनगंगा ओलांडली की मात्र वऱ्हाड लागायचं. तिथला कारभार इंग्रजांकडे, त्यामुळे तो मुलूख चौकशीत आला. कमिशनने ११९३ साक्षीदार तपासले. डॉक्टर, तहसीलदार, व्यापारी, मिशनरी, सगळे.

मला त्यातला सर्वांत रंजक भाग वाटतो तो वेड्यांच्या इस्पितळांचा. गांजाने वेड लागतं याचा पुरावा म्हणून इस्पितळांचे आकडे दाखवले जात. कमिशनने त्या नोंदींच्या मुळाशी जायचं ठरवलं. निघालं काय, तर रुग्णासोबत पोलिसांकडून जो कागद येई, त्यात वेडाच्या कारणाचा रकाना असायचा. तो रिकामा ठेवून कसं चालेल? माणूस कधी चिलीम ओढायचा असं कळलं, की लिहा ‘गांजा’. तोच शब्द पुढे इस्पितळाच्या रजिस्टरात आणि तिथून सरकारी आकडेवारीत. (सरकारी रकाना भरण्याची ही कला आपल्याकडे अजून जिवंत आहे.)

गांजा निरुपद्रवी आहे, असं मात्र कमिशन म्हणालं नाही. अतिसेवन घातक आणि काहींच्या बाबतीत वेडालाही कारणीभूत, हे त्याने मान्य केलं. बेताने घेणाऱ्यांचं विशेष नुकसान होत नाही, असंही नोंदवलं. शिवाय महादेवाच्या भक्तांत आणि साधूंत या झाडाला मान आहे, हेही पाहिलं. औंढा नागनाथच्या जिल्ह्यात वाढलेल्याला हे वेगळं सांगायला नको. १८९४च्या अहवालाची शिफारस होती: बंदी नको, परवाना, कर आणि लागवडीवर ताबा हवा.

असा ताबा तेव्हा शेजारीच होता. मध्य प्रांतात खांडव्याच्या बाजूला शेतकरी परवाना घेऊन गांजा पिकवत. माल सरकारी कोठारात जाई, तिथून परवानाधारक व्यापाऱ्याकडे. कोणी किती पिकवलं, कुठे गेलं, याचा हिशेब राही.

मग १९६१चा आंतरराष्ट्रीय करार आला. भारताला २५ वर्षांची मुदत मिळाली. ती संपत आली तेव्हा, १९८५ साली, एनडीपीएस कायदा झाला. त्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं त्यात येत नाहीत. म्हणून उत्तर प्रदेशात भांगेची सरकारमान्य दुकानं चालतात. त्याच झाडाची लागवड केली, तर दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते.

इतकं करून गांजा मिळायचा थांबला का? तुमच्या कॉलेजजवळ कुठे मिळतो, हे तुम्हाला बहुधा माहीत असेल. त्या पुडीत काय मिसळलंय, किती तीव्र आहे, विकत घेणारा सोळाचा आहे की तिशीचा, हे विचारणारा तिथे कोणी नाही. कोवळ्या वयातल्या मेंदूला गांजा धोक्याचा आहे, हे मला मान्यच आहे. म्हणून तर वयाची अट घालता येईल असं दुकान हवं, पाकिटावर तीव्रता छापलेली हवी आणि कराचा पैसा व्यसनमुक्तीला हवा. लागवडीचे परवाने मात्र छोट्या शेतकऱ्यांनाच द्यावेत, नाहीतर उद्या हेही पीक कंपन्यांचं होईल. वसमतच्या हळदीला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिला बाजार आहे, काटा आहे, पावती आहे. गांजाच्या झाडाला यातलं काही नाही, फक्त कलम आहे.

गंमत म्हणजे त्याच कायद्याच्या कलम १०ने लागवडीचं नियमन करण्याचा अधिकार राज्यांना दिलाय, वैद्यकीय आणि वैज्ञानिक कामापुरता का होईना. डिसेंबर २०२०मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगात गांजाला सर्वांत कडक यादीतून काढायचा ठराव २७ विरुद्ध २५ मतांनी मंजूर झाला. भारताने बाजूने मत दिलं.

त्यानंतर आठ-नऊ महिन्यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने, कुठल्याच पिकाला भाव नाही म्हणून, दोन एकरांत गांजा लावायची परवानगी जिल्हाधिकाऱ्यांकडे मागितली. प्रशासनाने तो अर्ज पोलिसांकडे पाठवला.