तळघरातील करंजी

अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात एखाद्या नवख्या माणसाने 'घरच्यासारख्या पिएरोगी कोठे विकत मिळतील?' असे विचारले, तर त्याला दुकानाचा पत्ता मिळण्याऐवजी 'कोणत्या वारी पाहिजेत?' असा उलट प्रश्न येण्याचा संभव अधिक. वार कळला की चर्चचे नाव सांगितले जाते, आणि चर्चच्या कोणत्या बाजूच्या दाराने खाली उतरावयाचे तेही. खाण्याचा एक पदार्थ, तो विकणारे देवस्थान, आणि तोही पुष्कळदा बर्फासारखा गोठलेला! हे त्रांगडे कसे जमले त्याचा इतिहास आज आम्ही श्रोत्यांपुढे ठेवणार आहोत.

प्रथम पदार्थाची ओळख. पिएरोगी ही पोलंडची करंजीच म्हणाना. मैद्याची कणीक अंडे व कोमट पाणी घालून मळावयाची, पातळ लाटून वाटीने गोल पाऱ्या कापावयाच्या, सारण भरून अर्धचंद्रासारखी दुमडावयाची आणि कड चिमटून बंद करावयाची. मात्र ती तळत नाहीत, उकळत्या पाण्यात सोडतात. वर तरंगून आली की शिजली. मग लोणी आणि परतलेला कांदा. सारणे अनेक: आंबवलेला कोबी व आळंबी, मांस, उन्हाळ्यात फळेदेखील. परंतु सर्वांत लोकप्रिय सारण म्हणजे कुसकरलेला बटाटा आणि पनीराच्या जातीचे, किंचित आंबट असे ताजे चीज. या प्रकारास पोलिश लोक 'रुस्किए' म्हणतात. त्यावरून तो रशियाचा असावा असा ग्रह होतो, पण तो खरा नव्हे. येथील 'रुस' म्हणजे जुना तांबडा रुथेनिया, जो प्रांत आज पोलंड आणि युक्रेन यांच्यात वाटला गेला आहे. युक्रेनी लोक याच पदार्थाला 'वारेनिकी' म्हणतात. एक गंमत जाता जाता सांगतो. 'पिएरोगी' हे मुळातच अनेकवचन आहे. अमेरिकनांनी त्याला आणखी एक इंग्रजी प्रत्यय लावून 'पिएरोगीज' केले.

पोलिश माणूस महाराष्ट्राला अगदीच अनोळखी नाही. दुसऱ्या महायुद्धात घरादाराला मुकलेले सुमारे ५ हजार पोलिश लोक, त्यांत बहुतेक बायका आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत राहत होते. पण आपल्या कथेतील माणसे त्यांच्या आधी दोन पिढ्या घराबाहेर पडली, आणि ती पश्चिमेकडे गेली.

हा तांबडा रुथेनिया त्या वेळी ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील गॅलिशिया प्रांताचा भाग होता. शेताचे तुकडे वाटणीमागून वाटणी होऊन इतके लहान झाले होते की त्यांवर कुटुंब पोसणे कठीण. १८८० नंतर तेथील, तसेच स्लोव्हाकियाच्या डोंगरातील, शेतकरी हजारोंनी अमेरिकेस निघाले. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या पूर्वेस कोळशाच्या खाणी, पश्चिमेस पिट्सबर्गच्या पोलादाच्या भट्ट्या. दोन्हीकडे माणसे हवीच होती. शेनँडोआ नावाच्या खाणीच्या गावी १८८४ साली इव्हान व्होल्यान्स्की हे धर्मगुरू गॅलिशियातून आले आणि अमेरिकेतील पहिला पूर्वविधीचा कॅथलिक धर्मग्राम तेथे उभा राहिला. या शेनँडोआचे नाव श्रोत्यांनी ध्यानात ठेवावे. आपल्याला तेथे पुन्हा यावयाचे आहे.

खाणीत आणि भट्टीत राबणाऱ्या या माणसांनी पोटाला चिमटा घेऊन चर्चे बांधली. पिट्सबर्गमध्ये आजही टेकडीवरून पाहिले की ते घुमट दिसतात. पण घुमट बांधणे एक आणि चालविणे दुसरे. छप्पर गळते, हिवाळ्यात ऊब द्यावी लागते, कर्जाचे व्याज थांबत नाही. पुरुषाच्या पगारातून आणखी किती काढणार? तेव्हा बायकांनी आपल्याजवळ होते ते पुढे केले. चर्चच्या तळघरात मोठी पातेली चढली. एका दिवशी बटाटे सोलून उकडावयाचे, सारणाचे गोळे वळून ठेवावयाचे. दुसऱ्या दिवशी लांब टेबलांभोवती बसून कोणी लाटावयाचे, कोणी कापावयाचे, आणि सर्वांत अनुभवी हातांनी कड चिमटावयाची. आपल्याकडे करंजीला मुरड घालण्याचे काम ज्या मानाने जाणत्या बाईकडे जाते, तोच मान तेथे चिमटणारीचा. या वृद्ध बायकांना युक्रेनी भाषेत 'बाबा' म्हणतात, म्हणजे आजी. आपल्या कानाला हे चमत्कारिक लागते खरे.

कॅथलिकांना शुक्रवारी मांस वर्ज्य. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात तर शुक्रवार अधिकच कडक. बटाट्याची पिएरोगी या नियमात चपखल बसे. १९६६ साली अमेरिकेतील बिशपांनी उपवासकाळाबाहेरच्या शुक्रवारचे बंधन सैल केले, तरी उपवासकाळातील शुक्रवार राहिले, आणि फेब्रुवारी ते एप्रिल हा या विक्रीचा सुगीचा हंगाम ठरला. या श्रमाला मजुरी नव्हती. डझनावारी विकलेल्या मालाचा सर्व पैसा देवळात गेला. या चर्चांच्या इतिहासात देणगीदारांची नावे पाटीवर कोरलेली आढळतात. चिमटणारीचे नाव शोधूनही सापडत नाही. आमच्या मते हा हिशेब कोणीतरी मांडावयास हवा.

आता गोठविण्याकडे वळू. ती काही कारखान्याचीच युक्ती नव्हे. पिएरोगीचे सैबेरियातील भावंड 'पेल्मेनी' हिवाळ्यात घराबाहेर ठेवून दगडासारखे होत आणि प्रवासाला पोत्यातून जात. शास्त्रीय रीतीने ती कला बाजारात आणली क्लॅरेन्स बर्ड्सआय या अमेरिकनाने. लॅब्राडॉरच्या थंडीत मासे क्षणार्धात गोठतात आणि महिन्यांनी शिजविले तरी ताजे लागतात हे त्याने १९१२ नंतरच्या वर्षांत पाहिले. सावकाश गोठविल्यास पाण्याचे स्फटिक मोठे होऊन अन्नाचे तंतू फाडतात. झटपट गोठविल्यास ते बारीक राहतात. १९३० साली मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे त्याच्या गोठलेल्या मालाची किरकोळ विक्री सुरू झाली. महायुद्धानंतर घरोघर शीतपेट्या आल्या, आणि ज्या पदार्थाचे आयुष्य एका दुपारचे होते तो महिनोन्‌महिने टिकू लागला.

आणि येथे आपण शेनँडोआला परत येतो. त्या गावात मेरी ट्वार्डझिक नावाच्या बाई चर्चसाठी पिएरोगी करीत. त्यांचा मुलगा टेड याने १९५२ साली आईच्या स्वयंपाकघरातूनच हा धंदा सुरू केला आणि आडनावाच्या आद्याक्षरावरून मालाला 'मिसेस टीज' हे नाव दिले. कोळशाचा धंदा तेव्हा उतरणीला लागला होता. आज या कारखान्यातून वर्षाला कोट्यवधी पिएरोगी बाहेर पडतात आणि अमेरिकेच्या कोणत्याही मोठ्या दुकानात मिळतात. १९९९ पासून तर पिट्सबर्गच्या बेसबॉल सामन्यांत पिएरोगीची सोंगे घेतलेली माणसे धावण्याची शर्यत लावतात!

'चर्चची ती खरी, कारखान्याची ती खोटी' असे शहरातले रसिक म्हणतात. आम्ही दोन्ही खाल्ल्या आहेत, आणि फरक आहे हे आम्हांस मान्य आहे. यंत्राला घट्ट कणीक लागते, म्हणून पारी जाड. आंबट ताज्या चीजऐवजी अमेरिकन जिभेला रुचणारे चेडर. कड सर्वत्र एकसारखी. हातची पिएरोगी जरा वेडीवाकडी, पारी मऊ आणि पातळ, आणि कडेवर बोटाचा ठसा. घेणाऱ्याने तेवढा ठसा पाहावा, घटकांच्या यादीत बटाट्याची भुकटी आहे की बटाटा हे वाचावे, आणि घरी आणल्यावर वितळू न देता तशीच उकळत्या पाण्यात टाकावी. वितळली की एकमेकींना चिकटून फाटतात. पण खऱ्याखोट्याचा निवाडा करताना एवढे विसरता येत नाही की कारखाना हा तळघराचाच मुलगा आहे. आईने जे देवासाठी फुकट केले, त्यावर मुलाने गावाला रोजगार दिला. त्यात खोटे ते काय?

खरी अडचण निराळीच आहे. पोलादाच्या भट्ट्या १९८० नंतरच्या दशकात विझल्या. होमस्टेडचा प्रसिद्ध कारखाना १९८६ साली बंद पडला. तरुण मंडळी कामासाठी दूर गेली, चर्चमधली बाके रिकामी होत गेली. २०१८ साली पिट्सबर्गच्या बिशपांनी १८८ धर्मग्राम एकत्र करून ५७ करण्याचा निर्णय जाहीर केला. धर्मग्राम कागदावर एकत्र होतात. दोन तळघरांतल्या बायका एका टेबलाशी बसतीलच असे नाही. गिऱ्हाईक कमी नाही, उलट रांगा आहेत. चिमटणारे हात मात्र सत्तरीच्या आणि ऐंशीच्या घरातले आहेत. काही ठिकाणी निवृत्त पुरुष बटाटे सोलावयास येऊ लागले, काही ठिकाणी चर्चशी संबंध नसलेली शेजारची माणसेही येतात. आणखी काही ठिकाणी पातेली उलटी करून ठेवली गेली.

२०२२ च्या फेब्रुवारीत रशियाने युक्रेनवर स्वारी केली. पोलंडमधील काही खानावळींनी 'रुस्किए' हे नाव पाटीवरून पुसून त्या जागी 'युक्रेनी' असे लिहिले. अमेरिकेतील युक्रेनी चर्चांच्या तळघरांत त्या उपवासकाळात पुन्हा पहाटेपासून कणीक मळली जाऊ लागली. गिऱ्हाइके डझनाची किंमत देऊन वरची मोड परत घेत नव्हती. पूर्वी त्या पैशातून छप्पर झाले होते. या वेळी तो निर्वासितांच्या आणि जखमींच्या मदतीसाठी त्याच गॅलिशियाच्या वाटेने गेला.