लाईटचं घर आणि दारातली मोटार

आजचा विषय वाचून दोघातिघांनी मला दारातच अडवलं. म्हणाले, "सर, तत्त्वज्ञान सोडून वायरमनचं काम कधीपासून?" प्रश्न रास्त आहे. घरी विजेच्या मोटारीचा चार्जर बसवणं हा काही व्याख्यानाचा विषय वाटत नाही. पण मला या विषयाकडे एका चुकीनं ढकललं, आणि चूक माझीच होती. तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

आमच्या सोसायटीत ३२ बिऱ्हाडं आहेत. तीनेक वर्षांपूर्वी चौथ्या मजल्यावरच्या एका मुलीनं अर्ज दिला. ती हॉस्पिटलात रात्रपाळी करते. तिनं विजेची गाडी घेतली होती आणि पार्किंगमध्ये स्वतःच्या खर्चानं चार्जर बसवायची परवानगी मागत होती. मी तेव्हा कमिटीवर होतो. आग लागली तर काय, उद्या सगळ्यांनीच मागितलं तर काय, असं बरंच बोलणं झालं. ती म्हणाली, "काका, माझ्याच मीटरची वीज माझ्याच गाडीला हवी आहे." मी म्हणालो, "अगं, मीटर तुझा, पण जिना सगळ्यांचा." टाळ्या पडल्या. वाक्य मलाही आवडलं. अर्ज फेटाळला गेला.

दोन महिन्यांनी पार्किंगमध्ये जळकट वास आला. तिनं वॉचमनच्या खोलीतल्या पॉवर प्लगमधून एक्स्टेंशन ओढून गाडी लावली होती. प्लग काळा पडून वितळायला आला होता. म्हणजे ज्या आगीच्या भीतीनं आम्ही नकार दिला, ती आग आमच्या नकारानंच जवळ आणली होती. त्यानंतर मी वाचायला बसलो. आज सांगणार आहे ते त्या वाचनातून आलेलं आहे.

सुरुवात आपल्या भाषेपासून करू. आपण "वीज गेली" क्वचित म्हणतो. "लाईट गेली" म्हणतो. बिल येतं ते "लाईट बिल". मिक्सर चालवा, पंप चालवा, सगळं लाईटवर. हा भाषेचा गबाळेपणा नव्हे, हा इतिहास आहे. सप्टेंबर १८८२ मध्ये एडिसननं न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केलं, ते दिव्यांसाठी. घरात वीज आली ती उजेड म्हणून. भिंतीतल्या तारा, फ्यूज, बटणं, सगळ्याची मापं दिव्याच्या भुकेवरून ठरली. पंखा, इस्त्री, फ्रीज, गिझर हे नंतरचे पाहुणे. मोटार ही या रांगेतली सर्वांत नवी पाहुणी, आणि सर्वांत मोठ्या भुकेची.

पण ती खरोखर नवी आहे का? १९०० साली अमेरिकेत जवळपास ४,२०० मोटारी तयार झाल्या. त्यात वाफेच्या १,६८१, विजेच्या १,५७५ आणि पेट्रोलच्या फक्त ९३६. विजेची गाडी तेव्हा प्रतिष्ठेची होती. आवाज नाही, धूर नाही, हँडल मारून इंजिन सुरू करायची कटकट नाही. पेट्रोलच्या मोटारी घराघरात नेणारे हेन्री फोर्ड, पण त्यांच्या पत्नी क्लारा फोर्ड डेट्रॉइट इलेक्ट्रिक ही विजेची गाडी चालवत. त्यांची १९१४ची गाडी आजही संग्रहालयात आहे.

मग ही गाडी घरी चार्ज कशी करत? इथे गंमत आहे. बॅटरीला डीसी लागते, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज. एडिसनची वीज डीसीच होती, तिथे प्रश्न नव्हता. पण लांबवर वीज न्यायला एसी स्वस्त पडते, म्हणून शहरोशहरी एसी जिंकत गेली. मग एसीची डीसी करायची कुठे? १९०२ साली पीटर कूपर ह्यूइट यांनी पाऱ्याच्या वाफेवर चालणारा रेक्टिफायर शोधला. पुढे जनरल इलेक्ट्रिकनं तो गॅरेजसाठी विकला. संगमरवरासारखी पाटी, तिच्यावर मीटर आणि खटके, मागे काचेचा मोठा फुगा. चार्जिंग सुरू झालं की फुगा निळसर उजेडानं थरथरायचा. घरगुती चार्जरचा हा खरा पूर्वज.

पण तो कोणाच्या घरी? ज्याच्याकडे स्वतःचं गॅरेज आणि घरात वीज, त्याच्याच. त्या काळी अमेरिकेतल्याही बहुतेक घरांत वीज नव्हती. १९०८ साली मॉडेल टी आली, १९१२ साली कॅडिलॅकनं विजेचा स्टार्टर बसवला, आणि पेट्रोलच्या गाडीची हँडल मारण्याची अडचण गेली. विजेच्या गाडीची मात्र गॅरेजची अडचण तशीच राहिली. तिच्या पराभवाची कारणं अनेक आहेत: किंमत, वेग, पल्ला, स्वस्त झालेलं तेल. पण माझ्या मते हे एक कारण नेहमी मागे पडतं. पेट्रोल डब्यात भरून कुठेही नेता येतं. विजेला तार लागते, आणि तार कोणाच्या तरी जागेतून जावी लागते.

आम्ही तत्त्वज्ञानवाले एक प्रश्न विचारायला शिकलो कांटकडून: एखादी गोष्ट शक्य व्हायची तर आधी काय असावं लागतं? गाडी चार्ज होण्याआधी चार्जर लागतो, हे कोणीही सांगेल. चार्जरच्या आधी लागते ती परवानगी, जागा आणि शेजाऱ्यांशी झालेला करार. वस्तू दुकानात मिळते. बाकीचं मिळत नाही.

आता ऐंशी वर्षं पुढे येऊ. १९९६ साली जनरल मोटर्सनं कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनात ईव्ही-वन ही गाडी भाड्यानं द्यायला सुरुवात केली. तिच्याबरोबर घरी चार्जर बसवून मिळे. त्याची जोडणी वेगळीच होती. धातूला धातू न लावता, चपट्या वल्ह्यासारखी वस्तू गाडीच्या खाचेत सरकवायची आणि चुंबकत्वातून वीज पोचवायची. सुरक्षित होती, पावसातही चाले. पण फोर्ड आणि होंडा यांनी धातूच्या टोकांची जोडणी घेतली होती. सार्वजनिक ठिकाणी दोन्ही प्रकार बसवावे लागत. २००१ साली कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळानं धातूच्या जोडणीच्या बाजूनं कौल दिला, आणि भिंतीभिंतींवरची ती वल्ही एका निर्णयानं निरुपयोगी झाली. चांगली वस्तू निवडणं पुरत नाही. ती सगळ्यांनी मिळून निवडावी लागते.

हा धडा युरोपनं घेतला. २०१४ साली युरोपीय संघानं एसी चार्जिंगसाठी टाइप टू ही एकच जोडणी ठरवली. आपल्याकडेही आज मोटारींना एसीसाठी तीच रूढ आहे. त्यामुळे आपण चार्जर घ्यायला जातो तेव्हा हा एक प्रश्न आपल्यासाठी आधीच कोणीतरी सोडवून ठेवलेला असतो.

भारतात तर २००१ मध्येच बंगळूरची रेवा आली. ती घरातल्या १५ अँपिअरच्या प्लगवर आठेक तासांत चार्ज होई. आता हा प्लग बघा. तीन गोल, जाड पिनांचा. त्याचं मानक ब्रिटिशांचं, १९३४ सालचं. ब्रिटननं स्वतः १९४७ मध्ये चौकोनी पिनांकडे मोर्चा वळवला, आपण गोल पिना धरून राहिलो. आपल्या घरी त्याचं काम काय? गिझर. गिझर वीसपंचवीस मिनिटं चालतो आणि बंद होतो. गाडी आठ तास सलग ओढते. आतली पट्टी थोडी सैल असली तरी तिथे उष्णता साचत जाते. गिझरला जे माफ होतं ते गाडीला होत नाही. वॉचमनच्या खोलीतला प्लग का वितळला, याचं उत्तर इथे आहे. दोष त्या मुलीचा नव्हता आणि गाडीचाही नव्हता.

मग निवडायचं काय? इतिहासच इथे मदत करतो. १९१०च्या काळात एसीची डीसी करणारं यंत्र भिंतीवर होतं. आज ते गाडीच्या पोटात आहे. आपण भिंतीवर बसवतो त्या पेटीला सगळे चार्जर म्हणतात, पण खरा चार्जर गाडीत असतो. भिंतीवरची पेटी म्हणजे एक शहाणा खटका. ती गाडीशी बोलते, किती अँपिअर घेता येतील ते सांगते, गडबड दिसली की तोडते. म्हणून गाडीच्या आतला चार्जर ७.२ किलोवॅटचा असेल, तर भिंतीवर २२ किलोवॅटची पेटी लावून गाडी काही लवकर भरत नाही. पैसे मात्र जास्त जातात.

दुसरी गोष्ट, भूक मोजा. रोज ४० किलोमीटर फिरणाऱ्या गाडीला साधारण सहासात युनिट लागतात. ३.३ किलोवॅटवर हे दोन तासांचं काम. रात्र तर आठ तासांची असते. ७.४ किलोवॅट म्हणजे दोन हजार वॅटचे तीन गिझर आणि वर एक इस्त्री, सगळं एकदम. रोज दीडशे किलोमीटरच्या वर फिरणाऱ्याला ते लागेल. बाकीच्यांनी आधी आपल्या बिलावरचा मंजूर भार वाचावा. ती ओळ आपण कधी वाचत नाही.

तिसरी गोष्ट सुरक्षेची. मीटरपासून गाडीसाठी स्वतंत्र तार, तिचा स्वतंत्र एमसीबी, एक्स्टेंशन नाही. अर्थिंग मोजून घेतलेलं, "आहे हो साहेब" या भरवशावरचं नव्हे. आणि ३० मिलिअँपिअर गळतीला तुटणारा आरसीसीबी. त्यातही एक बारकावा आहे. गाडीत रेक्टिफायर असल्यामुळे बिघाड झाला तर डीसी गळती उलट येऊ शकते, आणि साधा आरसीसीबी तिच्यामुळे आंधळा होतो. म्हणून डीसी गळती ओळखणारी सोय पेटीत आहे का, नसेल तर कोणत्या प्रकारचा आरसीसीबी लावणार, हे विचारून घ्या. एसी-डीसीचं जुनं भांडण असं आपल्या पार्किंगपर्यंत आलं आहे.

आता परत जिन्याकडे. माझ्या त्या वाक्याकडे. जगात अनेकांनी ते वाक्य माझ्याआधी म्हटलं होतं, आणि कायद्यांनी त्याला उत्तरही दिलं होतं. कॅलिफोर्नियात २०१२ पासून गृहसंस्थेला चार्जर सरसकट नाकारता येत नाही. वाजवी अटी मात्र घालता येतात. जर्मनीनं डिसेंबर २०२० पासून फ्लॅटधारकाला चार्जर मागण्याचा हक्क दिला. कसा बसवायचा हे मंडळी ठरवतात, पण बसवायचा की नाही हे नव्हे. आपल्याकडे २०१८ मध्ये केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयानं स्पष्ट केलं की चार्जिंग स्टेशन चालवायला वीज कायद्याखाली परवाना लागत नाही, आणि घरी चार्जिंगलाही वाट मोकळी ठेवली. २०१९ मध्ये नमुना बांधकाम नियमांत नव्या इमारतींच्या पार्किंगपैकी २० टक्क्यांसाठी सोय सुचवली गेली. पण नव्या इमारतीत. आपण राहतो जुन्या इमारतीत.

वितळलेल्या प्लगनंतर मी कमिटीत उभा राहून चूक कबूल केली. चार्जर बसला, तिच्या मीटरवरून, नीट पाइपातून. पाठोपाठ आणखी तिघांचे बसले. गोष्ट इथे संपली असती तर बरं झालं असतं.

संपली नाही. मुख्य पॅनलमध्ये शिल्लक असलेली क्षमता या चौघांनी जवळजवळ वापरून टाकली आहे. पुढच्यासाठी पॅनल बदलावं लागेल, कदाचित मोठी केबल आणि नवा ट्रान्सफॉर्मर. तो खर्च कोणाचा? पहिले चौघं म्हणतात, आम्ही आमचा खर्च केला. पाचवा म्हणतो, तुम्ही फुकटात सगळ्यांची शिल्लक उचललीत. दोघंही खरं बोलताहेत. माझं ते जिन्याचं वाक्य चुकीचं नव्हतं, मी ते चुकीच्या कामासाठी वापरलं. जिना सगळ्यांचा आहे, म्हणून एकीला नाही म्हणायचं, असा अर्थ मी काढला. त्यातून निघायला हवा होता तो दुसरा अर्थ: एकीला हो म्हणताना सगळ्यांची मोजणी करायची.

यावर उपाय आहेत. सर्वांसाठी एक मोठी केबल आणि स्वतंत्र पॅनल आधी टाकायचं, मग प्रत्येकानं आपला वाटा भरून त्यावर पेटी लावायची. भार वाटून घेणाऱ्या पेट्या घ्यायच्या, म्हणजे रात्री दहा गाड्या लागल्या तरी उपलब्ध वीज आपोआप विभागली जाते, आणि सकाळपर्यंत सगळ्या भरतात. ब्रिटननं २०२२ पासून नव्या घरगुती पेट्यांना गर्दीची वेळ टाळायची सवय मुळातच लावून दिली आहे. यंत्राला समजूतदारपणा शिकवता येतो. माणसांची बैठक मात्र घ्यावीच लागते.

ती मुलगी आता कमिटीवर आहे. पाचवा अर्ज आला आहे आणि रविवारी सभा आहे. मी जाणार आहे. या वेळी हात वर करण्याआधी एवढंच विचारणार आहे: विसाव्या गाडीची तार कुठून जाणार?