'पाहिजे' की 'बेकु'?

अक्कलकोट तालुक्यातलं मैंदर्गी कर्नाटकच्या सीमेजवळचं. बऱ्याच घरांत कन्नड, नगरपरिषदेच्या कागदावर मराठी. तिथल्या एखाद्या न बोलणाऱ्या स्वमग्न मुलाला, चित्र दाबलं की बोलणारं अ‍ॅप दिलं, तर ते कुठल्या भाषेत बोलणार? या एका प्रश्नात माझा अख्खा वीकएंड गेला.

सुरुवात कागदी कार्डांपासून करू. 1985 मध्ये अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये अँडी बॉन्डी आणि लोरी फ्रॉस्ट यांनी 'पेक्स' पद्धत काढली. मुलानं चित्राचं कार्ड समोरच्याच्या हातात द्यायचं, त्यानं ती वस्तू द्यायची. पुढच्या पायरीवर पट्टीवर वाक्य: आधी 'आय वॉन्ट', मग वस्तू. 2009 मध्ये 'प्रोलोक्वोटूगो' हे अ‍ॅप आयफोनवर आलं, 2010 मध्ये आयपॅड. आपल्याकडे चेन्नईत अजित नारायणन यांनी 'आवाज' बनवलं. आधी स्वतंत्र यंत्र, मग टॅबलेटवर.

मराठी बोलणारं 'जेलो' आलं आयआयटी मुंबईच्या आयडीसीतून. रवी पूवय्या आणि अजंता सेन यांचं हे काम. मध्ये चित्रं, दोन्ही कडांना सहा बटणं: आवडतं, हो, जास्त, आवडत नाही, नाही, कमी. मला ही सहा बटणंच सगळ्यात भारी वाटतात. मागायला तर सगळेच शिकवतात हो, पण नकार कायम एकाच जागी हाताशी असणं म्हणजे मुलाला स्वतःचं मत असणं! (अपडेटमध्ये बटणं हलवणाऱ्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं. इथं जागा हलली की शब्दच हरवला.)

आता व्याकरण. इंग्रजी पट्टीत वस्तू शेवटी येते. 'मला दूध पाहिजे'मध्ये ती मध्येच घुसते. शिवाय 'मी जातो' की 'मी जाते'? म्हणजे अ‍ॅपला आधी मुलगा की मुलगी विचारणं आलं. 'मला जायचंय' केलं की सुटका. गंमत म्हणजे कन्नडमध्येही 'हालु बेकु', दूध आधी, पाहिजे नंतर. आणि 'होगुत्तेने' मुलगा-मुलगी दोघांनाही चालतं. म्हणजे चित्रं तीच, क्रम तोच, फक्त आवाजाची फाईल बदलायची. प्रोग्रामरच्या दृष्टीनं किरकोळ काम.

पण मुलाच्या दृष्टीनं? घरात सगळे 'बेकु' म्हणतायत आणि त्याचा एकमेव आवाज 'पाहिजे' म्हणतोय. त्याची आज्जी कशी ओ देणार? म्हणून माझं मत: पहिला आवाज घरचा, शाळेचा एका बटणावर. आणि तयार आवाज नसेल तर प्रत्येक चित्रावर आईला आपल्या आवाजात रेकॉर्ड करता यावं, अगदी मैंदर्गीच्या हेलात.