भिंतीतली पोकळी आणि वीज

आपल्याकडच्या जुन्या घरांत विजेच्या तारा लाकडी पट्टीवर क्लिपांनी बसवून, सर्वांच्या डोळ्यांदेखत नेलेल्या असत. भिंत दगडाची किंवा विटांची, भरीव. तार आत न्यायची तर छिन्नीने खाच पाडावी लागे. अमेरिकेतील घरांची गोष्ट निराळी. तेथे १८३० च्या दशकात शिकागोच्या परिसरात लाकडी सांगाड्याची हलकी घरे बांधण्याची पद्धत सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. साधारण १६ इंचांवर एकेक उभा लाकडी दांडा, आतल्या अंगाला पट्ट्या ठोकून त्यांवर गिलावा, बाहेरून फळ्या, आणि मधे सुमारे चार इंचांची पोकळी. १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनचे वीजकेंद्र सुरू झाले आणि तारा न्यायला ही जागा आयतीच मिळाली.

जागा आयती खरी, पण कोरड्या लाकडाने वेढलेली! सुरुवातीच्या एका तारेवर सुती धाग्याचे वेष्टन असे आणि ते शिशाच्या पांढऱ्या रंगात भिजवलेले असे. आगीचा विमा उतरवणाऱ्यांची तिला मान्यता होती, म्हणून ती 'अंडररायटर' तार. ओल लागली की हे वेष्टन कुचकामी ठरे. तेव्हा कारागिरांनी तिचे नाव पाडले 'अंडरटेकर' तार, म्हणजे अंत्यविधी करणाऱ्याची!

यावरचा चांगला तोडगा चिनी मातीने दिला. दांड्यावर चिनी मातीच्या खुंट्या ठोकायच्या आणि त्यांच्या आधाराने तार लाकडापासून किमान एक इंच दूर ताणायची. तुळईतून पलीकडे न्यायची तर भोकात चिनी मातीची नळी बसवायची. या पद्धतीला 'नॉब अँड ट्यूब' म्हणत. जाणारी आणि परतणारी अशा दोन्ही तारा काही इंचांच्या अंतराने वेगवेगळ्या धावत. भिंतीत खिळा ठोकताना तो एका तारेला लागला, तरी दोन तारा एकमेकींना भिडण्याचा संभव कमी. तारेवर रबर आणि कापडाचे वेष्टन असे. पण खरे रोधक होते ते भोवतीची हवा. तारेची उष्णताही तीच वाहून नेई. ही पद्धत आम्हांला फार शहाणपणाची वाटते. १८९७ साली अमेरिकेत विद्युत जोडणीची राष्ट्रीय नियमावली निघाली. तिच्यामागे विमा व्यवसायाचा मोठा हात होता. आगीची भरपाई त्यांनाच द्यावी लागे ना!

१९२० च्या दशकात दोन्ही तारा एकाच वेष्टनात असलेली केबल वाढू लागली. तिला मजुरी कमी लागे. खुंट्या आणि नळ्या मागे पडल्या, पण जुन्या घरांच्या भिंतींत त्या तशाच राहिल्या.

मग १९७३ चे तेलसंकट आले. घर तापवण्याचा खर्च वाढला आणि लोकांनी भिंतींच्या पोकळीत उष्णतारोधक भुसा, कागदाचा लगदा, काचतंतू भरायला सुरुवात केली. घराची ऊब बाहेर जाऊ न देणारा हा भराव तारेचीही उष्णता आत कोंडू लागला. विद्यार्थ्यांना हे गणित घालता येईल. सुमारे १.६ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला ०.००८३ ओहम. तीतून १५ अँपिअर प्रवाह गेला, तर दर मीटरला १.९ वॅट उष्णता निर्माण होते. हवेत एवढी उष्णता सहज निघून जाते. पण उपकरणे वाढली, फ्यूज वारंवार उडू लागला आणि कोणी १५ च्या जागी ३० अँपिअरचा फ्यूज बसवला, तर? प्रवाह दुप्पट, उष्णता चौपट: साडेसात वॅट, आणि तीही भरावात कोंडलेली.

१९८७ च्या राष्ट्रीय नियमावलीने अशा तारांच्या पोकळीत भराव घालण्यास मनाई केली. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी मात्र जाणकाराकडून तपासणी करून घेण्याच्या अटीवर मुभा दिली. तपासायचे काय, तर फ्यूज तारेच्या जाडीला साजेसा आहे का, आणि मागाहून कोणी हौशी माणसाने कच्चे सांधे जोडले आहेत का. शंभर वर्षांच्या भिंती उघडल्यावर चिनी माती बहुधा जशीच्या तशी सापडते. रबर मात्र दिव्यांच्या जवळ, जिथे वर्षानुवर्षे ऊब लागली, तिथे हात लावताच भुगा होऊन गळते.